नाताळच्या वस्त्रावर तान्हुल्याचा पंजा

नाताळ जवळ आला की गव्हाणीसाठी गवत, तारकेसाठी बांबूच्या कामट्या आणि नेवऱ्यांसाठी नारळ यांची जमवाजमव घरोघरी सुरू होते. ज्या घरी तान्हे मूल असते, तेथे अलीकडे आणखी एक हौस आढळते. मुलाच्या हाताचा ठसा वस्त्रावर उमटवावयाचा आणि ते वस्त्र सणाला वापरावयाचे. शुभकार्यात भिंतीवर हळदी-कुंकवाचे पंजे उमटविण्याची चाल जेथे आहे, तेथे ही कल्पना परकी वाटू नये.

मात्र हळद भिंतीपुरतीच बरी. थोरल्या मुलीच्या पहिल्या नाताळात मी तिचा हळदीचा पंजा आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उमटविला होता. पहिल्याच धुण्यात साबण लागताच ठसा तांबडा झाला, आणि पुढे उन्हाने पार उडून गेला. हळदीचा रंग क्षाराने तांबडा होतो व उन्हात टिकत नाही, हे मी वर्गात मुलांना शिकवीत असे. घरी त्याचे स्मरण राहिले नाही! सदरा उरला, सहा महिन्यांचा तो हात पुन्हा कोठून आणावयाचा?

म्हणून कापडावर चित्रे काढण्याचा, पाण्यात मिसळणारा व बिनविषारी असा छाप असलेला रंगच घ्यावा. बाजारातील काळी मेंदी मुळीच नको. तिच्यात पुष्कळदा केस रंगविण्याचे द्रव्य असते व त्याने कातडीवर फोड येतात. कापड सुती असावे आणि आधी धुऊन त्याची खळ काढलेली असावी. वस्त्र शक्यतो वडिलांचे अथवा आजीचे निवडावे. बाळाच्या अंगरख्यावर रंग दिला, तर तो अंगरखा त्याच्या तोंडात जाणारच.

आता खरी अडचण मुठीची. तळव्याला काही लागले की ते घट्ट धरावे, ही तान्हुल्याची उपजत प्रवृत्ती असते. ती साधारणतः पाच-सहा महिन्यांनी ओसरते. तोवर मूठ ओढून उघडू नये. हाताच्या पाठीवर करंगळीच्या बाजूने हळुवार बोट फिरविले की मूठ पुष्कळदा आपोआप सैल पडते. तरीही न जमल्यास पावलाचा ठसा घ्यावा. टाचा जुळवून दोन पावले तिरपी उमटविली की बदामाचा आकार होतो, आणि दोन पंजांचे तर देवदूताचे सुरेख पंख होतात.

दूध पिऊन बाळ शांत असेल ती वेळ साधावी. दुसऱ्या कोणी त्याला मांडीवर घ्यावे. स्पंजाच्या तुकड्याने तळव्यावर पातळ रंग लावावा. हात रंगात बुडवू नये. सदऱ्याच्या आत पुठ्ठा घालून कापड ताणावे आणि हात कापडाकडे ओढण्याऐवजी कापडच हाताकडे न्यावे. एकदाच दाबून उचलावे. लगेच ओल्या फडक्याने व साबणाने हात स्वच्छ करावा. तोवर तो तोंडात जाऊ देऊ नये. पहिला ठसा जुन्या फडक्यावर घेतलेला बरा.

ठसा एक दिवस वाळू द्यावा. मग उलट्या बाजूने, वाफेविना, गरम इस्त्री फिरवावी. किती वेळ फिरवावी आणि धुण्यापूर्वी किती दिवस थांबावे, हे बाटलीवर दिलेले असते. यासाठी हे काम 24 डिसेंबरच्या रात्रीवर टाकू नये. पहिल्या आठवड्यातच उरकावे. पुढे सदरा उलटा करून धुवावा व सावलीत वाळवावा. ठशाखाली बाळाचे नाव आणि साल त्याच रंगाने बारीक कुंचल्याने लिहावे, म्हणजे दुसरे भावंड आल्यावर हा पंजा कोणाचा, असा वाद घरात होणार नाही.