छातीत धडधडतंय? मग एकदा पोटाचीही चौकशी करा

वाचकहो, तुमच्या घरात किंवा भावकीत असं कुणी आहे का, बघा. समजा, तिशीतली बाई. दोन हंडे पाणी आणलं की धाप लागते. निंदणीला वाकून उठली की डोळ्यांपुढे अंधारी येते, रात्री अंथरुणावर पडल्यावर छातीत धडधडतं. दवाखान्यात नेलं, ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, हृदयाला काही नाही, रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या दिल्या. चार महिने नेमाने घेतल्या, पण हिमोग्लोबिन आठावरून जेमतेम नवावर आलं. मग घरचे म्हणायला लागतात, हिच्या मनाचाच खेळ आहे. आणि या सगळ्यात एक गोष्ट डॉक्टरांना कुणी सांगितलेलीच नसते. तिचं पोट वर्षानुवर्षं बिघडलेलं असतं. कधी जुलाब, कधी गुबारा. छातीसाठी गेलो, तिथं पोटाचं काय सांगायचं!

खरं तर तेच सांगायचं असतं. कारण काही माणसांत या धडधडीचं मूळ आतड्यात असतं, आणि आतडं बिघडवणारी वस्तू असते रोजच्या ताटातला गहू.

या आजाराला सिलियाक म्हणतात. गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते काय, हे घरातल्या बायकांना पुस्तकाविना समजेल. गव्हाची कणीक ताणली की लांबते, लाटली की पसरते. ज्वारीचं पीठ लाटायला गेलं की फुटतं, म्हणून भाकरी थापावी लागते. गव्हाच्या कणकेला जो चिवटपणा आहे ना, तो ग्लुटेनचा. बहुतेकांना त्याचा काही त्रास नाही. पण ज्यांच्या अंगात विशिष्ट जनुकं आहेत, त्यांतल्या काहींच्या शरीराला ग्लुटेन शत्रू वाटतं. शरीर त्याच्याशी लढायला जातं आणि त्या लढाईत लहान आतड्याची आतली मखमल झडून जाते. मग पोटभर जेवूनही लोह, फॉलिक आम्ल, कॅल्शियम अंगी लागत नाही. नेदरलँड्समधल्या डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५च्या हिवाळ्यात, तिथं पावाचा दुष्काळ पडला. देश उपाशी, पण या आजाराची मुलं सुधारली. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध मांडला.

आता हृदयाकडे येऊ. रक्त पातळ झालं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त वेळा धडकावं लागतं. धडधड आणि धाप ती हीच. जुलाबांतून पोटॅशियम, मॅग्नेशियम निघून गेलं तर ठोक्यांची लय चुकू शकते. इथवरचं समजायला सोपं आहे. त्यापुढचं जरा गुंतागुंतीचं. हृदयाचा स्नायू फुगून दुबळा होण्याचा एक विकार आहे. १९९९ साली इटलीतल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची तपासणी केली, तेव्हा त्यांच्यात सिलियाक अपेक्षेपेक्षा जास्त आढळला. ब्रिटनमध्ये सुमारे ४ लाख ६९ हजार लोकांची माहिती वापरून झालेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सिलियाक असलेल्यांना हृदय व रक्तवाहिन्यांचे आजार होण्याचा धोका इतरांहून सुमारे २७ टक्क्यांनी जास्त दिसला. आकडा ऐकून दचकू नका. वर्षाला हजारी सात-साडेसातऐवजी नऊ, असा तो फरक आहे. आणि संबंध दिसला म्हणजे गव्हानंच हृदय बिघडवलं असं सिद्ध होत नाही.

उलट बाजूही ऐका. ज्यांना सिलियाक नाही, त्यांनी हृदयासाठी गहू सोडून उपयोग नाही. अमेरिकेत १ लाख १० हजारांवर लोकांचा १९८६ ते २०१२ असा पाठपुरावा झाला. ग्लुटेन कमी खाणाऱ्यांना हृदयविकार कमी झाला, असं काही दिसलं नाही.

आपल्या भागाशी याचा संबंध काय, असं कुणी विचारेल. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर भारतात हजारी बाराजणांच्या रक्तात सिलियाकची प्रतिपिंडं आढळली, ईशान्येत नऊजणांच्या आणि दक्षिणेत अवघ्या एकाच्या. जनुकं तिन्हीकडे जवळपास सारखीच होती. गहू खाण्यात मात्र मोठी तफावत होती. पश्चिम भारत त्या पाहणीत नव्हता. पण भाकरी मागे पडून दोन्ही वेळा चपाती आली, मुलांच्या हातात बिस्किटाचा पुडा आला, हे आपण डोळ्यांनी पाहतो आहोत. गहू वाईट नाही हो, पण शंका घ्यायची वेळ आली तर घ्यावी.

शंका आली म्हणून उद्यापासून गहू बंद, असं मात्र मुळीच करू नका. इथंच पुष्कळजण फसतात. गहू खात असतानाच टीटीजी ही रक्ताची चाचणी करावी लागते, आणि ती सदोष आली तर तोंडावाटे दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासतात. आधीच गहू सोडला तर चाचणी निर्दोष येते आणि खरा आजार लपून राहतो. रक्त कमी असण्याची इतर कारणंही आहेत. पाळीतला जास्त रक्तस्राव, जंत, अपुरं खाणं. तीही डॉक्टरांनी बघायची असतात. हृदयाची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनानं थांबवू नये. छातीत कळ येऊन हाताकडे, जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम फुटत असेल, तर पोटाचा विचार बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा.

निदान पक्कं झालं तर गहू जन्मभर बंद, थोडासुद्धा नाही. सख्ख्या भावंडांची, मुलांचीही चाचणी करून घ्यावी. रवा, मैदा, शेवया, कुरडई, लापशी सगळं गेलं. सातूही गेला. हल्ली खपली गव्हाचं फार कौतुक ऐकू येतं. तोही गहूच, त्यातही ग्लुटेन असतं. डबीतल्या हिंगातसुद्धा बऱ्याचदा मैदा मिसळलेला असतो, तेव्हा डबीवरचं वाचून घ्या. बाकी ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा हे सगळं चालतं. दिल्ली-पंजाबातल्या रुग्णाला जे जड जातं, ते भाकरीवर वाढलेल्या माणसाला तितकं जड जाऊ नये.

अडचण येते ती गिरणीत. गव्हाच्या मागून ज्वारी टाकली की पहिल्या पिठात गहू उतरतोच. 'ज्वारीवर ज्वारी' मागायची सवय बायकांना आहेच, पण या आजारात तेवढ्यानं भागत नाही. जात्याच्या फटीत राहिलेलं पीठही नडतं. घरघंटी असेल तर ती फक्त या धान्यांसाठी ठेवावी. नसेल तर माळ्यावर टाकलेलं आजीचं दगडी जातं खाली काढावं, स्वच्छ धुऊन वाळवावं आणि त्यावर गव्हाचा दाणाही पडू देऊ नये.