नदीपलीकडचं नार्वे

दिवाडी बेटावरच्या नार्व्याहून फेरीबोटीत बसलं की मांडवी ओलांडून माणूस पुन्हा नार्व्यालाच उतरतो. हे दुसरं नार्वे डिचोली तालुक्यातलं. 16व्या शतकात मधलं पाणी ही दोन राज्यांची हद्द होती. पोर्तुगीजांनी दिवाडीवरचं देऊळ पाडल्यावर सप्तकोटेश्वराचं लिंग ती हद्द ओलांडून इथे आलं.

गोव्याचे देव फक्त फोंड्याला गेले, असं सर्रास सांगतात. ते अर्धंच खरं. जीव आणि देव वाचवायचा तर माणूस जवळची नदी ओलांडतो. तिसवाडीतल्या दिवाडीला डिचोली जवळ, बारदेशाला पेडणे. म्हणून सांगोल्ड्याची शांतादुर्गा आज पेडण्यातल्या धारगळला आहे.

आसरा हिंदू राजांनीच दिला, हा त्याहून घट्ट समज. त्या काळी पलीकडच्या मुलखावर विजापूरच्या आदिलशहाचं राज्य होतं. तिथे पोर्तुगीजांचा हुकूम चालत नव्हता, एवढंच पळून येणाऱ्यांना पुरेसं होतं. डिचोली 1781 मध्ये आणि पेडणे 1788 मध्ये पोर्तुगीजांकडे कायमचं गेलं. तोवर धर्मांतराची लाट ओसरली होती, त्यामुळे इथली देवळं टिकली.

‘परके आले की गाव त्यांचं होतं,’ ही भीती मी आजही ऐकतो. त्या काळी तसं झालं नाही. गावकारीचे, म्हणजे गावच्या जमिनीचे आणि कारभाराचे, हक्क मूळ कुळांकडेच राहिले. आलेल्या देवाचे महाजन जुन्या गावच्या कुळांतले, तर सातेरी, भूमिका, रवळनाथ ही गावची मूळ दैवतं गावकारांची. हक्काची रेघ स्पष्ट होती म्हणून दोघांना शेजारी नांदता आलं. देवळाभोवती पुजारी, वाजंत्री, माळी यांची घरं बसली. आज मोपा विमानतळानंतर पेडण्यात जमिनी घेणाऱ्यांवरचा राग मला समजतो. पण त्यांना आणि जीव घेऊन पळालेल्याला ‘भायले’ (बाहेरचे) या एकाच शब्दात कोंबणं मला अन्यायाचं वाटतं.

आसऱ्याची किंमत यजमानाला कधीच मोजावी लागली नाही, असंही मात्र नाही. शिवाजी महाराजांनी हुसकावलेले लखम सावंत, केशव नाईक यांच्यासारखे देसाई उलट्या दिशेने, पोर्तुगीजांच्या हद्दीत गेले आणि तिथून महाराजांच्या मुलखात हल्ले करू लागले. पोर्तुगीजांनी त्यांना आवरलं नाही. नोव्हेंबर 1667 मध्ये मराठी फौज बारदेशात शिरली. सोसावं लागलं ते तिथल्या रयतेला, जिने कुणाला बोलावलंही नव्हतं. पुढच्या तहात देसायांना लगाम घालण्याचं पोर्तुगीजांना कबूल करावं लागलं. एका काठाला देव आणि निःशस्त्र माणसं आली, दुसऱ्या काठाला हत्यारबंद सरदार. दोघांनाही आपण निर्वासितच म्हणतो. यजमान गावावर झालेला परिणाम मात्र अगदी वेगळा.

त्या स्वारीनंतर वर्षभरातच, 1668 मध्ये, महाराजांनी नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचं देऊळ नव्याने बांधवलं. त्याचा शिलालेख अजून दारावर आहे.