रिश्ता पक्का करण्याआधी रक्ताची एक तपासणी

अक्कलकुवा हे नाव महाराष्ट्रातल्या बहुतेक मुस्लिम घरांना जामिया इस्लामिया इशाअतुल उलूममुळे ठाऊक आहे. कुणाचा मुलगा तिथून हाफिज होऊन आला, कुणाचा भाचा तिथल्या युनानी कॉलेजात शिकतो. त्याच अक्कलकुव्याच्या आणि शेजारच्या धडगावच्या डोंगरांत एक आजार आईबापांकडून मुलांकडे रक्तातून उतरत आला आहे. त्याचे नाव सिकलसेल. आपल्याकडे त्यावर फारसे बोलले जात नाही. ‘तो आदिवासींचा आजार’ एवढे म्हटले की विषय संपतो.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार इथल्या शंभर माणसांतली ६९ माणसे अनुसूचित जमातींची आहेत. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी राज्यातल्या आदिवासींमध्ये या आजाराचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या आणि इतर संशोधकांच्या पाहणीत भिल्ल आणि पावरा जमातींतल्या काही गटांत शंभरातल्या वीसहून अधिक माणसांच्या रक्तात सिकलसेलचा दोष आढळला. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा आणि यवतमाळ हे जिल्हे रुग्णसंख्येत वरचे मानले जातात.

शरीरात नेमके काय होते? रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात. बारीक रक्तवाहिनीतून जाताना त्या दुमडतात आणि पुन्हा मूळ आकारात येतात. पेशीतले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. सिकलसेलमध्ये या हिमोग्लोबिनच्या लांब साखळीतला एकच दुवा बदललेला असतो. प्राणवायू सोडला की असे हिमोग्लोबिन आत काड्यांसारखे गोळा होते आणि पेशी विळ्यासारखी वाकडी, कडक होते. अशा पेशी अडकतात, पुढचा रक्तपुरवठा थांबतो आणि हाडांत, पोटात, छातीत असह्य वेदना उठतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून अंगात रक्त टिकत नाही, डोळे पिवळे दिसतात. बाळ पहिले काही महिने ठीक असते, कारण गर्भातले वेगळे हिमोग्लोबिन त्याला सांभाळते. सहा महिन्यांनंतर ते कमी होऊ लागते. मग हातपाय सुजतात, मूल रडत राहते आणि घरात कुणाची नजर लागली याचा शोध सुरू होतो.

आता ‘आदिवासींचा आजार’ या समजुतीकडे येऊ. हा दोष एकाच पालकाकडून आला असेल तर माणूस ‘वाहक’ असतो. तो सहसा ठणठणीत असतो आणि जीवघेण्या मलेरियापासून त्याला थोडे संरक्षणही मिळते. म्हणूनच हिवतापाच्या जंगलपट्ट्यांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला. त्याचा संबंध वंशाशी आणि मुलखाशी आहे, धर्माशी नाही. जळगाव जिल्ह्यात यावल, रावेर, चोपडा भागातले तडवी भिल्ल मुसलमान आहेत, हे खानदेशात कुणाला सांगायला नको. आणखी लांबचे उदाहरण आपल्याला जवळचे वाटेल. सौदी अरबस्तानच्या पूर्वेकडील कतीफ आणि अल-अहसा या भागांत सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे आणि तिथला दोष भारतातल्या दोषाच्याच जातकुळीचा आहे. शास्त्रज्ञ त्याला अरब-भारतीय प्रकार म्हणतात.

दोन वाहकांचा निकाह झाला तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारात एक. ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. आणि रुग्ण मुलाला दोष आई आणि बाप दोघांकडून मिळालेला असतो. तरीही बोल लावला जातो तो सुनेलाच. आजारी मूल जन्मले म्हणून तिला माहेरी धाडणाऱ्यांनी आपल्या मुलाचे रक्त तपासले होते का, असे विचारावेसे वाटते. थॅलेसेमियाचा वाहक आणि सिकलसेलचा वाहक एकत्र आले तरी मूल आजारी होऊ शकते, हेही लक्षात असू द्यावे.

आपल्यात चुलत, मामे, आते, मावस भावंडांत रिश्ते होतात. शरीअतने त्यांना परवानगी दिली आहे, सक्ती केलेली नाही. अशा घरात एकाच्या रक्तात दोष असेल तर तोच दोष चुलत किंवा मामेभावंडात असण्याची शक्यता आठात एक असते. एरवी दुर्मिळ असलेला दोषही असा एकाच घरात दोन्ही बाजूंनी समोरासमोर येतो.

सौदी अरबस्तानने २००४ पासून निकाहाआधी सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी सक्तीची केली. निकाह करायचा की नाही हा निर्णय मात्र त्या दोघांवरच सोडला. पहिल्या वर्षी धोका कळूनही शंभरातल्या फक्त नऊ जोडप्यांनी रिश्ता सोडला. २००९ पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर गेले. सुरुवातीला इतके कमी का, हे समजणे कठीण नाही. दावतीची बोलणी झाल्यावर, दागिने घेतल्यावर रिपोर्ट हातात आला तर तो कोण वाचतो? आपल्याकडेही तेच होईल. म्हणून मंगनीच्या आधी, बोलणी सुरू होतानाच तपासणी झाली पाहिजे. त्याहून बरे म्हणजे मुलामुलींची दहावी-बारावीच्या वयातच तपासणी करून कागद घरात ठेवावा.

‘नशिबात असेल ते होईल’ असे म्हणणारे बुजुर्ग प्रत्येक घरात असतात. त्यांना हजरत उमर (रजि.) यांचा शामचा प्रवास आठवावा. तिथे ताऊन पसरल्याचे कळताच त्यांनी सल्लामसलत केली आणि काफिला परत फिरवला. अल्लाहच्या तकदीरपासून पळता का, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जात आहोत, अशा आशयाचे त्यांचे उत्तर प्रसिद्ध आहे.

एक गोष्ट सांभाळावी लागेल. वाहक म्हणजे रोगी नव्हे. वाहक मुलीचा निकाह निर्दोष मुलाशी झाला तर त्यांचे कुठलेही मूल सिकलसेलचे रुग्ण होत नाही. तिला ‘खराब रक्ताची’ ठरवून मोहल्ल्यात चर्चा करणे हा सरळ जुलूम आहे. रिपोर्ट अमानत समजावा. तो दोन घरांतच राहावा.

ज्यांच्या घरी रुग्ण मूल आहे त्यांनी हताश होऊ नये. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज घेतली तर वेदनेचे झटके बरेच कमी होतात. पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन आणि न्यूमोनियाची लस मुलाचा जीव वाचवते, कारण या मुलांची पाणथरी लवकर निकामी होते आणि जंतूंशी लढण्याची ताकद घटते. १०१ अंशांवर ताप गेला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. डाव्या बरगडीखाली अचानक फुगवटा हाताला लागला, मूल पांढरे पडले, तरीही तसेच. पाणी भरपूर द्यावे आणि तोरणमाळ-धडगावकडची थंडी सांभाळावी. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांतल्या रुग्णांचे हाल होतात ते याच कारणाने, उन्हात राबणे आणि पाणी नाही. खतन्याआधी मुलाला सिकलसेल असल्याचे डॉक्टरांना जरूर सांगावे, कारण कुठलीही शस्त्रक्रिया या मुलांना तयारीशिवाय जोखमीची असते. रमजानमध्ये रुग्णाने रोजा ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. शरीर कोरडे पडले की पेशी वाकड्या होतात, आणि कुरआनने आजाऱ्याला सवलत दिलेलीच आहे. वाहकाला रोजा ठेवायला सहसा अडचण नसते.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. तिथे एक विचारून घ्यावे. पहिली साधी चाचणी, जिला सोल्युबिलिटी म्हणतात, फक्त दोष आहे की नाही एवढेच सांगते. वाहक की रुग्ण हे तिच्यातून कळत नाही आणि थॅलेसेमियाही दिसत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची चाचणी लागते. रिपोर्टवर ‘एए’ असेल तर हिमोग्लोबिनचा प्रकार निर्दोष, ‘एएस’ म्हणजे वाहक, ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. आधी मुलाची आणि मुलीची अशी दोन्ही अक्षरे शेजारी ठेवून पाहावीत, मग तारीख काढावी.