सांबराचा दुसरा देश आणि मापाची रायफल

पामर्स्टन नॉर्थ, न्यूझीलंड : मार्चअखेर

मार्च संपत आला की इथल्या हवेत गारवा येतो आणि चार माणसं जमली की बोलणं हरणांवर जातं. लाल हरणांचा माजाचा काळ मार्चच्या शेवटी सुरू होतो आणि एप्रिलभर चालतो. नर डोंगरकडांवरून मोठ्याने हंबरतात, म्हणून या हंगामाला इथे ‘रोअर’ म्हणतात. माणसं महिनोन्‌महिने आधी रजा टाकून ठेवतात. गाड्यांच्या मागे तंबू आणि शिधा भरला जातो आणि रायफली स्वच्छ करून ठेवल्या जातात. सिल्वासात वाढलेल्या मराठी माणसाला हे सारं चक्रावून टाकतं. आपण सातमालियाच्या हरीण उद्यानात जातो ते गाडीची काच खाली करून, आवाज न करता सांबर बघायला. इथे मात्र त्याच जातीच्या सांबराची शिकार कायद्याला मान्य आहे.

हे सांबर इथलं नाही. १८७५ मध्ये ते सिलोनहून आणून याच मनावातू भागात सोडलं गेलं. लाल हरीण १८५१ पासून इंग्लंडहून येऊ लागलं. आपल्या हिमालयातला थारही १९०४ मध्ये आओराकी पर्वताच्या परिसरात सोडण्यात आला. गोऱ्या वसाहतवाल्यांना आपल्या जुन्या देशातली शिकार नव्या देशात हवी होती. पण या बेटांवर वटवाघळं सोडली तर जमिनीवर राहणारा एकही मूळचा सस्तन प्राणी नव्हता. वाघ नाही, बिबट्या नाही, लांडगा नाही. हरणं बेसुमार वाढली. त्यांनी जंगलातली कोवळी रोपं खाल्ली आणि डोंगरउतार उघडे पडू लागले. १९३० पासून सरकारनेच पगारी शिकारी नेमून हरणं मारायला सुरुवात केली.

हा इतिहास कळला की आजचा नियम समजतो. देशाची जवळपास एक तृतीयांश जमीन संवर्धन खात्याकडे आहे. त्या जमिनीवर शिकार करण्याचा परवाना फुकट मिळतो आणि बहुतेक ठिकाणी हरणं किती मारावीत यावर मर्यादा नाही. खाजगी शेतावर मात्र मालकाची परवानगी घ्यावीच लागते. हौशी शिकाऱ्याला मिळालेलं मांस विकता येत नाही, वाटता येतं. त्यामुळे एप्रिलमध्ये शेजारी दारावर येऊन हरणाच्या मांसाची पिशवी हातात ठेवतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आपल्याकडे पहिला आंबा वाटणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो तसाच आनंद असतो.

बंदूक मात्र सहज मिळत नाही. १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चच्या मशिदींवरच्या हल्ल्यात ५१ माणसं मारली गेली. त्यानंतर महिन्याभरात लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आली. पुढे शस्त्र सुरक्षेसाठी ‘ते तारी पुरेके’ हे वेगळं प्राधिकरण उभं राहिलं आणि जून २०२३ पासून प्रत्येक बंदुकीची नोंदणी सुरू झाली. सोळा वर्षांवरच्या व्यक्तीला परवान्यासाठी अर्ज करता येतो. लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक, ओळखीच्या माणसांची साक्ष, घरातल्या जोडीदाराची मुलाखत, बंदुकीच्या कपाटाची तपासणी हे सगळं पार पडल्यावर पहिला परवाना पाच वर्षांचा मिळतो.

माझ्या नणंदेने हे सगळं पार पाडलं. ती पाच फूट उंचीची, सडपातळ बांध्याची आहे. ती परिचारिका आहे आणि तिच्यासोबत काम करणाऱ्या मैत्रिणी दरवर्षी डोंगरात जातात. परवाना हातात आल्यावर ती म्हणाली, “वहिनी, तुम्ही बरोबर चला. दुकानात गेलं की सगळे मला लहान मुलांची बंदूक दाखवतात.” तिची तक्रार खरी होती. रायफलींचे कारखाने वर्षानुवर्षं मध्यम-उंच पुरुष डोळ्यांपुढे ठेवून दस्ते घडवत आले. लहान चणीच्या प्रौढ माणसाच्या वाट्याला मग नवऱ्याची जुनी रायफल येते, नाहीतर पोरांसाठी बनवलेली.

ज्या दुकानात आम्ही शेवटी थांबलो, तिथल्या अनुभवी विक्रेत्याने रायफल काढण्याआधी मोजपट्टी काढली. ब्लाउज शिवायला टाकताना शिंपी आधी माप घेतो, तसंच हे काम. पहिलं माप चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक रायफलींत हे अंतर साडेतेरा इंचांच्या आसपास असतं. माझ्या नणंदेला साडेबारा इंच नेमकं बसलं. एक इंच ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण दस्ता लांब पडला की माणूस तोल सावरायला कमरेतून मागे झुकतो, पुढचा हात ताणला जातो, दस्ता खांद्याच्या खळग्यातून सरकून दंडावर येतो आणि डोळा दुर्बिणीपासून लांब राहतो. तो फार आखूड झाला तर धक्क्यासरशी अंगठा नाकावर आणि दुर्बिणीची कडा भुवईवर आदळते. डोळा आणि दुर्बीण यांच्यात साधारण नऊ-दहा सेंटिमीटर अंतर हवं.

हे माप डोंगरात घालायचं जाड जाकीट अंगावर घालूनच घ्यायचं, कारण जाकिटाची जाडी दस्त्याच्या लांबीत मिळते. पारख सोपी आहे. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करायची, तिचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवायचं, डोळे मिटून ती खांद्याला लावायची आणि गाल दस्त्यावर टेकवून डोळे उघडायचे. दुर्बिणीत पूर्ण, स्वच्छ वर्तुळ दिसलं तर दस्ता आपला. मान ताणावी किंवा आखडावी लागली तर नाही. पकडीची जाडी आणि बोटाच्या पहिल्या पेराला चाप आरामात मिळतो की नाही, हेही तेव्हाच पाहायचं. कोणता डोळा प्रबळ आहे तेही आधीच तपासावं, कारण उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ असू शकतो.

दुसरा प्रश्न काडतुसाचा. रायफल मागे जो धक्का देते, तो लहान चणीच्या माणसाला अधिक जाणवतो, कारण तो सोसायला अंगात वजन कमी असतं. १९५२ चं ३०८ विंचेस्टर हे इथलं सर्वांच्या ओळखीचं काडतूस. त्याच्याच कवचाचं तोंड आवळून १९५५ मध्ये २४३ विंचेस्टर आणि १९८० मध्ये ७ मिमी-०८ रेमिंग्टन ही काडतुसं आली. साडेतीन किलोंच्या आसपासच्या रायफलीत २४३ चा धक्का सुमारे १२ ज्यूल, ७ मिमी-०८ चा १६, ३०८ चा २१ ज्यूल भरतो. ३०० विंचेस्टर मॅग्नमसारखं जबर काडतूस पस्तिशीच्या पुढे जातं. २००७ मध्ये आलेलं ६.५ क्रीडमूर ७ मिमी-०८ च्याच जवळपास बसतं. चांगली गोळी आणि बेताचं अंतर असेल तर २४३ ने लाल हरीण स्वच्छ पडतं. सांबराचा नर दोनशे किलोंच्याही वर जातो. त्याच्यासाठी ७ मिमी-०८ सारखी जड गोळी बरी.

धक्क्याची भीती हा लाजेचा विषय नाही. ज्याला खांद्यावर मार बसतो, तो पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो आणि अंग आखडतो. गोळी हृदय-फुप्फुसाच्या जागी न लागता पोटात किंवा पायात लागते. जनावर मरत नाही, दिवसभर झाडीत तडफडतं. म्हणून रायफल अंगाला बसणं हा माझ्या मते दयेचा भाग आहे. जिला २४३ नीट हाताळता येतं तिने गटातल्या दणकट पुरुषाच्या आग्रहाखातर मॅग्नम उचलू नये. जनावर नेमाने पडतं, काडतुसाच्या थोरवीने नाही.

तिसरी गोष्ट वजन. दिवसभर चढ चढायचा तर हलकी रायफल हवीशी वाटते, पण काडतूस तेच राहिलं आणि रायफल साडेतीन किलोंवरून २.८ किलोंवर आली तर धक्क्याची ऊर्जा पावपट वाढते. मधला मार्ग म्हणजे सौम्य काडतूस, तीन किलोंच्या आसपासची रायफल, मागे रबराची जाड गादी आणि पुढे ध्वनिशामक. ध्वनिशामक इथे कायदेशीर आहे आणि बरेच शिकारी तो वापरतात. त्याने आवाज कमी होतो, धक्काही कमी होतो. मात्र तो नळीच्या टोकाला वजन आणि लांबी वाढवतो, म्हणून लहान बांध्याच्या माणसाने नळी मुळात आखूड घ्यावी. फिनलंडची टिक्का, जपानची होवा अशा कंपन्या आखूड दस्त्याच्या रायफली बनवतात. अमेरिकेच्या वेदरबीने २०१६ मध्ये खास स्त्रियांच्या बांध्यासाठी रायफल काढली आणि तिला संस्थापकाच्या पत्नीचं, कॅमिलाचं, नाव दिलं. पण नावावर जाऊ नये. काही रायफलींत दस्त्याला पट्ट्या घालून लांबी कमी-जास्त करता येते, आणि चांगला कारागीर साधा दस्ता कापून मापाचा करून देतो.

आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटू नये. २०१० मध्ये म्युनिकला जागतिक अजिंक्यपद जिंकणाऱ्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत किंवा आपल्या अंजली भागवत यांच्या हातातली रायफल पाहा. दस्त्याची लांबी, गालाची उंची, मागची पट्टी, सगळं खेळाडूच्या शरीराप्रमाणे फिरवून बसवलेलं असतं. खेळात जे गृहीत धरलं जातं, तेच शिकारीच्या रायफलीतही मागण्याचा हक्क लहान चणीच्या माणसाला आहे.

नणंदेने शेवटी आखूड दस्त्याची ७ मिमी-०८ निवडली. पण डोंगरात जाण्याआधी तिने नेमबाजीच्या मैदानावर बावीस बोअरपासून सराव सुरू केला. इथे शस्त्रसुरक्षेचे सात नियम पाठ करून घेतात. त्यातला चौथा मला सर्वांत मोलाचा वाटतो: लक्ष्य निःसंशय ओळखल्याशिवाय चापावर बोट न्यायचं नाही. रोअरच्या दिवसांत झाडीमागचा आवाज हरणाचा आहे की माणसाचा, यावर कुणाचा तरी जीव टांगलेला असतो.

हे वाचून कुणी म्हणेल, मग आपल्याकडेही शिकार का नको? उत्तर स्पष्ट आहे. इथे हरीण परकं आहे आणि त्याला खाणारं कुणी नाही. आपल्या जंगलात सांबर मूळचं आहे. त्याच्यावर बिबट्या जगतो, आणि ते कमी झालं तर बिबट्या गावात शिरतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा दादरा-नगर हवेलीत जितका लागू आहे तितकाच त्याचा हेतू रास्त आहे. न्यूझीलंडचा नियम न्यूझीलंडच्या जमिनीपुरता बरोबर आहे, दमणगंगेच्या खोऱ्यात तो आणता येणार नाही.

आपल्या भागातली बरीच मुलं-मुली शिकायला, नोकरीला इकडे येतात. त्यांच्या घरच्यांना एवढंच सांगते. कुणी शिकारीला बोलावलं तर नाही म्हणण्यात संकोच नको, हो म्हणण्यातही अपराध नाही. पण परवाना नसेल तर परवानाधारक शेजारी उभा असल्याशिवाय बंदुकीला हात लावू नये. आणि पुढे स्वतःची घ्यायची ठरलीच, तर आधी परवाना, मग अंगाचं माप, मग सौम्य काडतुसावर भरपूर सराव आणि सर्वांत शेवटी डोंगर. हा क्रम उलटा करू नये.