पालक शिकलेले हवेत, की पालकांना समजावलेलं हवं? क्लासच्या करारातलं एक महत्त्वाचं कलम



घरगुती क्लास, बालवर्ग, अबॅकस, स्पोकन इंग्लिश, पोहण्याची बॅच. किनारपट्टीच्या गावात कमी भांडवलात काय सुरू करता येईल, असं विचारलं की ही नावं हमखास येतात. पडवी घरचीच, गिऱ्हाईक ओळखीचं. पण या धंद्यांत एक गोष्ट वेगळी आहे. शिकतं मूल आणि पैसे देतो पालक. मग सही कोणाची?

पालकाचीच. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ११ नुसार करार करणारा सज्ञान लागतो, म्हणजे साधारणपणे १८ वर्षं पूर्ण. अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्द, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात सांगितलं, आणि तो निकाल आजही प्रमाण मानला जातो. थोडक्यात, तुमच्या प्रवेश फॉर्मवर आठवीतल्या मुलाने केलेली सही कामाची नाही. तुमचा व्यवहार त्याच्या आई-वडिलांशी आहे.

व्हिडिओत मी एवढंच सांगून पुढे गेलो होतो. आज खरा प्रश्न घेऊ. या आई-वडिलांकडून काय अपेक्षा ठेवायची आणि ती कागदावर कशी लिहायची?

"पालक किमान दहावी पास" ही अट

काही फॉर्ममध्ये पालकांचं शिक्षण विचारतात. काही जण पुढे जाऊन त्यावरच प्रवेश ठरवतात. "घरी अभ्यास घेणारं कोणी नसेल तर आमचा रिझल्ट बिघडतो," असा त्यांचा युक्तिवाद.

शाळांना हे चालत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. तुम्ही म्हणाल, "सर, माझा क्लास म्हणजे शाळा नाही." बरोबर. मग कायदा बाजूला ठेवून धंद्याचा हिशेब करू.

समजा तुम्ही रेवदंड्यात क्लास काढलाय. तुमच्याकडे कोण येणार? होडीवर जाणाऱ्याचा मुलगा, मासळी विकणारीची मुलगी, नारळ-सुपारीच्या वाडीत काम करणाऱ्याची मुलं, पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घरातली मुलं. यातल्या बऱ्याच घरांत अभ्यास घ्यायला कोणी नाही, म्हणून तर ते क्लास शोधतायत! ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच दारातून परत पाठवलं, तर धंदा कोणाच्या जिवावर करणार?

आपल्याच किनाऱ्यावर उत्तरेला, बोर्डीत, १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. मुलं शाळेत येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. पालक शिकलेले असते तरच काम करू असं म्हटलं असतं, तर आज 'अंगणवाडी' हा शब्द घराघरात पोचलाच नसता.

मग कोणती अट लिहायची?

पालकाच्या पदवीची अट काढा आणि त्याला नीट समजावण्याची जबाबदारी लिहा. यात दोन बाजू आहेत. समजावणं तुमचं काम, वेळ देणं पालकाचं. साधा मजकूर असा ठेवता येईल:

*"प्रवेशापूर्वी क्लासतर्फे पालकांना ४५ मिनिटांची माहिती बैठक विनामूल्य दिली जाईल. त्यात शिकवण्याची पद्धत, वेळ, फी, फी परतीचे नियम आणि मुलाच्या सुरक्षिततेची व्यवस्था सांगितली जाईल. आई, वडील किंवा घरातील एका जबाबदार मोठ्या व्यक्तीने बैठकीस यावे. ठरलेल्या दिवशी जमले नाही तर आठ दिवसांत दुसरी वेळ दिली जाईल."*

"घरातील जबाबदार मोठी व्यक्ती" हे शब्द मुद्दाम घातलेत. बाप बोटीवर असेल, आई बाजारात. मुलाकडे आजी बघत असेल तर आजीला बैठकीत बसू द्या. मात्र सही आई, वडील किंवा कायदेशीर पालकाचीच घ्या.

आणि कृपा करून "बैठकीला न आल्यास ५०० रुपये दंड" असलं काही लिहू नका. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कागदावर आकडा लिहिला म्हणून तो आपोआप पूर्ण मिळत नाही, वाजवी भरपाईच मिळते. बैठक चुकल्याने तुमचं नुकसान किती झालं? शून्य. दंडाने पालक येत नाही, तो मुलाला काढून घेतो.

बैठक कधी ठेवायची?

रविवारी सकाळी ठेवलीत तर फसलात. शनिवार-रविवार पर्यटकांची गर्दी, खोल्या देणारी घरं धावपळीत. मधल्या वारी संध्याकाळी ठेवा.

मासेमारी बंदी १ जूनला सुरू होते, तेव्हा होडीवरचा माणूस घरी असतो. बैठकीला हा काळ उत्तम. पण त्याच वेळी घरात रोख पैसा कमी असतो, आणि क्लासची फीसुद्धा जूनमध्येच! तेव्हा हप्ते ठरवताना पहिला हप्ता लहान ठेवा आणि मोठा हप्ता नारळी पौर्णिमेनंतर, मासेमारी सुरळीत झाल्यावर. फी बुडण्याचं प्रमाण कमी करायचं तर गिऱ्हाईकाच्या घरात पैसा कधी येतो ते आधी बघावं लागतं.

ज्याला वाचता येत नाही त्याची सही

कलम १३ म्हणतं, दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार दिला तरच ती संमती. तुम्ही इंग्रजी फॉर्म पुढे सरकवलात आणि समोरच्याने मान डोलावत अंगठा उठवला, तर उद्या वाद झाल्यावर "मला वाचून दाखवलंच नाही" हे वाक्य तुम्हाला महाग पडेल.

म्हणून चार गोष्टी करा:

१. फॉर्म मराठीत, दोन पानांच्या आत.

२. प्रत्येक कलम मोठ्याने वाचून दाखवा. "कळलं का?" असं विचारलं तर सगळे "हो" म्हणतात. त्यापेक्षा "मूल दोन महिन्यांनी सोडलं तर किती पैसे परत मिळतील, सांगा बघू," असं विचारा.

३. अंगठा असेल तर खाली लिहा: "मजकूर वाचून दाखवला, समजला." वाचणाऱ्याची सही, एका साक्षीदाराची सही, तारीख.

४. एक प्रत पालकाला द्या. ही पायरी सगळे विसरतात.

भाषेचंही लक्षात ठेवा. खाडीपलीकडच्या कोर्लईत आजही पोर्तुगीज मुळाची बोली बोलणारी घरं आहेत. परराज्यातून कामाला आलेली कुटुंबंही असतात. त्यांच्या भाषेत सांगणारा कोणी ओळखीचा बैठकीला बसवा.

बैठकीत हे तीन मुद्दे सांगाच

*निकालाची हमी नाही.* केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. क्लासमध्ये प्रवेश म्हणजे मेडिकल-इंजिनिअरिंगला प्रवेशाची हमी नाही, याची कल्पना पालकांना द्यावी असं त्यात आहे. या सूचना ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या सेंटरसाठी आहेत आणि त्यांत १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये असंही म्हटलंय. म्हणून पटसंख्या वाढवण्याआधी राज्यातला लागू नियम तपासा.

*फी परत.* त्याच सूचनांनुसार पूर्ण फी भरून मूल मध्येच सोडलं, तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत द्यायची. तुमचा क्लास छोटा असला तरी हाच नियम स्वतःला लावा. "एकदा भरलेली फी परत नाही" या पाटीपेक्षा तुमचं नाव लवकर होईल.

*फोटो.* डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ नुसार १८ वर्षांखालील मुलाची माहिती वापरायला पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. स्टेटसवर, जाहिरातीत फोटो टाकायचा असेल तर वेगळी सही घ्या, आणि "नाही" म्हणणाऱ्याचं मूल तेवढ्याच आनंदाने घ्या.

आजचा गृहपाठ

तुमचा प्रवेश फॉर्म काढा. घरातल्या सगळ्यात कमी शिकलेल्या माणसाला वाचून दाखवा आणि "यात तुझ्यावर काय बंधन आहे, माझ्यावर काय?" एवढंच विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर तो कागद अजून छापायला देऊ नका. मोठा क्लास काढत असाल तर अंतिम मसुदा अलिबागच्या एखाद्या वकिलाकडून तपासून घ्या. त्याची फी हा खर्च धंद्याच्या भांडवलातच धरा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!