बोलिव्हिया : मागे राहणाऱ्याच्या गतीने

दक्षिण अमेरिकेच्या मध्यभागी असलेला, समुद्रकिनारा नसलेला बोलिव्हिया हा देश पाठीवर सॅक टाकून भटकणाऱ्यांना गेली अनेक वर्षे खुणावतो आहे. दहा हजार चौरस किलोमीटरहून अधिक पसरलेले मिठाचे मैदान, अँडीजची हिमशिखरे, तितिकाका सरोवर आणि खिशाला फारसा न जाचणारा खर्च ही त्याची आकर्षणे. जोडीने निघणाऱ्यांना तर ही भटकंती अधिकच सोयीची; खोलीचे भाडे विभागले जाते, सामान वाटून उचलता येते आणि अनोळखी बसस्थानकावर एकाने सॅकपाशी थांबून दुसऱ्याला तिकिटाच्या रांगेत उभे राहता येते. मात्र नकाशा पसरून बसलेले जोडपे सहसा अंतरे मोजते आणि उंची मोजायचे विसरते. या देशात प्रवासाची आखणी उंचीच्या हिशेबाने करावी लागते आणि हा हिशेब दोघांपैकी ज्याचे शरीर विरळ हवेला सावकाश सरावते, त्याच्या बाजूने मांडावा लागतो.

हवा तीच, दाब कमी

ला पाझ हे बोलिव्हियाच्या सरकारचे ठाणे समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या लेहपेक्षाही थोडे वर आहे. त्याला लागून असलेले एल आल्तो शहर ४,००० मीटरच्याही पुढे असून विमानतळ तेथेच आहे. तुलनेसाठी, महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र २१ टक्केच असते. उंचावर कमी होतो तो हवेचा दाब. ला पाझमध्ये तो समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश भरतो आणि त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक रक्ताला मिळणारा प्राणवायू घटतो. तेथे पाणीही ८८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळू लागते. साहजिकच साधा भात शिजायलाही जास्त वेळ लागतो.

स्थानिक लोक या उंचीच्या त्रासाला ‘सोरोचे’ म्हणतात. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, झोप न लागणे ही त्याची लक्षणे पोहोचल्यानंतरच्या काही तासांत दिसू लागतात. तो कोणाला होईल, हे वय, लिंग किंवा व्यायामाची सवय यांवरून सांगता येत नाही. रोज दहा किलोमीटर धावणारा अंथरुणाला खिळतो आणि त्याची सहचारिणी, जिने कधी एखादा गडही चढलेला नसतो, ती मजेत बाजार हिंडून येते, असे सहज घडू शकते. कसलेल्या खेळाडूंचीही यातून सुटका नसते. १ एप्रिल २००९ रोजी ला पाझच्या मैदानावर बोलिव्हियाने अर्जेंटिनाला ६-१ असे हरवले, तेव्हा पाहुण्या संघात लिओनेल मेस्सी होता आणि प्रशिक्षक होते डिएगो मॅराडोना. त्याआधी २००७ मध्ये फिफाने अतिउंचीवरील आंतरराष्ट्रीय सामन्यांवर बंदी घातली होती. बोलिव्हियाच्या तीव्र विरोधानंतर २००८ मध्ये ती मागे घेण्यात आली.

पायरीपायरीने वर

३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा वैद्यकीय सल्ला दिला जातो. बोलिव्हियातील गावे अशा सोयीस्कर पायऱ्यांनी वसलेली नाहीत, हीच अडचण आहे. तरीही मार्ग योग्य क्रमाने निवडला, तर ती बरीच कमी होते.

विमानाने थेट ला पाझला उतरण्याऐवजी पूर्वेकडील सांताक्रूझ येथून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते. हे शहर अवघ्या ४०० मीटरच्या आसपास आहे. तेथून सामाईपाता हे छोटे गाव जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतके उंच. त्याच्याजवळील ‘एल फुएर्ते’ हा कोरीव काम केलेला प्रचंड खडक १९९८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पुढचा टप्पा सुक्रे. देशाची घटनात्मक राजधानी असलेले आणि १८२५ मध्ये जेथे स्वातंत्र्याची घोषणा झाली ते हे पांढऱ्या भिंतींचे शहर सुमारे २,८०० मीटरवर आहे. येथे चार-पाच रात्री काढल्या, तर शरीराला पुढच्या चढाची पूर्वतयारी करता येते.

सुक्रेपासून बसने तीनेक तासांवर पोतोसी आहे. ४,००० मीटरवर एवढे शहर वसण्याचे कारण म्हणजे १५४५ नंतर तेथील ‘सेरो रिको’ डोंगरातून निघालेली चांदी. या शहरात मुक्काम न करता दिवसभर फिरून रात्री सुक्रेला परतणे श्रेयस्कर. चढावे उंच आणि झोपावे खाली, हा गिर्यारोहकांचा जुना नियम येथे उपयोगी पडतो. खाणी दाखवणाऱ्या सहलीही तेथे निघतात. त्या अरुंद, धुळीच्या बोगद्यांत आजही माणसे जोखमीचे काम करीत असतात. विरळ हवेत आधीच धाप लागलेल्याने तेथे न जाणेच बरे.

त्यानंतर उयुनी, ला पाझ आणि शेवटी ३,८१२ मीटरवरील तितिकाका, असा क्रम लावता येतो. ला पाझचा भूगोल मोठा गमतीचा आहे. शहर एका खोल वाडग्यासारखे असून सधन वस्ती तळाशी, तर कष्टकऱ्यांची वस्ती वरच्या कडेला आणि एल आल्तोत आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या केबल कारने या दोन्ही जगांत ये-जा करता येते. ज्याला त्रास होत असेल, त्याच्यासाठी तळाकडच्या भागात खोली घेतली, तरी मुक्कामाची उंची काही शे मीटरनी खाली येते. बोलिव्हियात आंदोलनांसाठी रस्ते अडवले जाणे ही नेहमीची बाब आहे. वेळापत्रकात राखून ठेवलेले मोकळे दिवस अशा वेळी कामी येतात आणि शरीराच्याही.

पान आणि गोळी

सोरोचेवर बोलिव्हियात पहिला उपाय सुचवला जातो तो कोकाच्या पानांच्या चहाचा. अँडीजमधील लोक शतकानुशतके ही पाने चघळत आले आहेत आणि ती तेथे बाजारात उघडपणे विकली जातात. या परंपरेसाठी बोलिव्हिया १९६१ च्या आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ करारातून बाहेर पडला आणि पाने चघळण्याचा हक्क राखून २०१३ मध्ये त्यात पुन्हा सामील झाला. चहाने थोडी तरतरी येते. तो उंचीचा आजार टाळतो, याला मात्र भक्कम वैद्यकीय आधार नाही. हीच पाने किंवा चहाच्या पुड्या आठवण म्हणून भारतात आणणे हा १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

ॲसिटाझोलामाइड या औषधाचा उपयोग सिद्ध झालेला आहे. ते चढ सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे असते. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास तसे डॉक्टरांना आधी सांगावे लागते. पीतज्वराची लसही विसरून चालत नाही. बोलिव्हियाहून भारतात परतणाऱ्यांना तिचे प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि ते लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य ठरते.

उतरण्याचा करार

जोडीने प्रवास करण्याचा खरा लाभ आणि खरी परीक्षा दिसते ती येथे. उंचीवर आजारी पडणाऱ्याला स्वतःची अवस्था नेहमी उमगतेच असे नाही. गप्प राहणे, चिडणे, जेवण नाकारणे हा रुसवा वाटू शकतो, पण ती आजाराची सुरुवात असू शकते. रात्री शेजारच्याचा श्वास काही क्षण थांबतो आणि मग जोराने सुरू होतो. उंचीवर हे बऱ्याच जणांच्या बाबतीत घडते आणि एरवी ते घाबरण्यासारखे नसते. मात्र बसल्याजागी धाप लागणे, खोकल्यातून फेसाळ किंवा गुलाबी कफ पडणे, बोलणे असंबद्ध होणे, सरळ रेषेत पाऊल न पडता दारू प्यायल्यासारखा झोक जाणे ही लक्षणे फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठू लागल्याची आहेत. येथे सकाळची वाट पाहायची नसते. रुग्णाला एकटे न सोडता ताबडतोब खाली न्यायचे आणि डॉक्टर गाठायचा.

उयुनीहून निघणाऱ्या तीन दिवसांच्या जीप सहलीत हा प्रश्न सर्वाधिक टोकदार होतो. मिठाच्या मैदानानंतर गाडी रंगीत सरोवरांकडे वळते. लागुना कोलोरादा ४,२०० मीटरच्या वर आहे आणि उष्णोदकाचे झरे त्याहूनही उंचावर. जून-जुलैच्या रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो आणि जवळपास रुग्णालय नसते. गाडीत इतरही प्रवासी असल्याने एकासाठी ती माघारी फिरवणे अवघड असते. आदल्या रात्री डोके दुखत असलेल्याने जोडीदाराचा हिरमोड नको म्हणून गप्प राहून त्या गाडीत चढणे, हा सगळ्यात मोठा धोका. त्यापेक्षा मिठाचे मैदान एका दिवसात पाहून उयुनीच्या मुक्कामी परतावे. सरोवरे राहून जातील, पण दोघेही सुखरूप राहतील.

म्हणून काही गोष्टी घरून निघण्यापूर्वीच ठरवून टाकाव्यात. त्रास लपवायचा नाही, डोकेदुखी असताना आणखी वर जायचे नाही आणि एकाला उतरावे लागले, तर दुसऱ्याने कुरकुर न करता सोबत उतरायचे. बुडालेल्या तिकिटाचे पैसे हा प्रवासखर्चाचाच भाग समजावा. मिठाचे मैदान आणि सरोवरे पुढच्या वर्षीही तेथेच असतील.