इंजेक्शनकडून कार्ब्युरेटरकडे : पल्सर २२० च्या इंजिनाची उलटी वाट

बजाज ऑटोने २००७ मध्ये पल्सर २२० डीटीएस-एफआय बाजारात आणली. दोन प्लगच्या या इंजिनाला कार्ब्युरेटर नव्हता; पेट्रोल इंजेक्टरमधून फवारले जाई आणि किती फवारायचे हे ईसीयू नावाची डबी ठरवी. भारतीय मोटारसायकलींमध्ये तेव्हा हे नवल होते. हीरो होंडाची ग्लॅमर एफआय जेमतेम वर्षभर आधी आली होती. पण दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, बजाजने ते इंजेक्शन काढून त्याच घडणीच्या इंजिनाला ३२ मिलिमीटरचा कार्ब्युरेटर बसवला. गाडी बरीच स्वस्त झाली, ताकद २० पीएसवरून २१.०४ पीएसवर गेली आणि ‘फास्टेस्ट इंडियन’ म्हणून तिची जाहिरात झाली. तंत्रज्ञान मागे गेले आणि खप पुढे गेला, असे उदाहरण वाहन उद्योगात फारसे सापडत नाही.

कारखान्याने केलेला हा बदल पुढे काही डीटीएस-एफआय मालकांनीही गॅरेजमध्ये करून घेतला. दोनच वर्षे विकल्या गेलेल्या मॉडेलचे पंप, सेन्सर आणि ईसीयू मिळेनासे झाले की दुसरा मार्ग राहत नाही. काम वरवर सोपे दिसते: थ्रॉटल बॉडी काढा, कार्ब्युरेटर लावा. प्रत्यक्षात ती तीन वेगळी कामे आहेत, इंधनाची वाट, हवेची वाट आणि ठिणगी. पहिली दोन कोणताही बरा मेकॅनिक करतो. गाडी अडते ती तिसऱ्यात.

इंधनाच्या वाटेत पहिला अडथळा दाबाचा. इंजेक्शनच्या टाकीत विजेचा पंप बसवलेला असतो आणि तो साधारण ३ बार दाबाने पेट्रोल ढकलतो. कार्ब्युरेटरला इतका दाब नको असतो. टाकी वर आणि कार्ब्युरेटर खाली, एवढ्या उंचीने मिळणारा दाब शंभरपटीहून कमी असतो, आणि फ्लोटची सुई तेवढाच अडवू शकते. पंप तसाच ठेवला तर सुई उचलली जाऊन पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून जमिनीवर सांडू लागते, तेही तापलेल्या इंजिनाशेजारी. म्हणून पंप काढावा लागतो, टाकीच्या तळाचे त्याचे भोक झाकणपट्टीने बंद करून तिथे कॉक बसवावा लागतो, नाहीतर सरळ कार्ब्युरेटरवाल्या मॉडेलची टाकीच घ्यावी लागते. दुसरा उपाय महाग पडला तरी शहाणपणाचा. घरगुती वेल्डिंगची झाकणपट्टी पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकली तरी पुष्कळ.

हवेच्या वाटेत मॅनिफोल्ड बदलतो. इंजेक्टर जिथे खुपसलेला होता ते भोक, दाबाच्या सेन्सरची नळी आणि असेल तर सायलेन्सरमधल्या ऑक्सिजन सेन्सरची जागा, हे सारे हवाबंद करावे लागते. मॅनिफोल्डला सुईएवढी फट राहिली तरी तिथून आत शिरणारी हवा कार्ब्युरेटरच्या हिशेबात धरलेली नसते. मिश्रण पातळ होते, आयडलिंग वरखाली होते आणि इंजिन तापते. हा दोष पेट्रोल मोजून सोडणारा जेट बदलून कधीच जात नाही, पण गॅरेजमध्ये आधी हात जातो तो जेटलाच.

आता ठिणगी. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू पेट्रोल मोजतो, शिवाय प्लग केव्हा पेटवायचा हेही तोच ठरवतो. तो काढला की इंजिनाला पेट्रोल मिळेल, ठिणगी मिळणार नाही. त्याच्या जागी फक्त ठिणगी सांभाळणारा सीडीआय बसवावा लागतो, आणि अडचण सुरू होते ती इथे. क्रँक कुठे आहे हे ईसीयूला कळते मॅग्नेटच्या चक्रावरील दात्यांच्या रांगेतून. तिच्यात एक दाता मुद्दाम गाळलेला असतो, आणि त्या रिकाम्या जागेवरून तो कोन मोजतो. साध्या सीडीआयला चक्रावर सहसा एकच उंचवटा लागतो. दात्यांचे चक्र तसेच ठेवून सीडीआय जोडला तर त्याला एका फेऱ्यात अनेक इशारे मिळतात आणि ठिणगी भलत्याच क्षणी पडते. सुरू करताना इंजिनाने उलटा झटका देणे, सायलेन्सरमध्ये फटाके वाजणे ही त्याची लक्षणे. म्हणून मॅग्नेटचे चक्र, पिकअप कॉइल, सीडीआय आणि वायरिंग हार्नेस हा संच एकाच मॉडेलचा असावा लागतो. पल्सरच्या कार्ब्युरेटरवर थ्रॉटलची स्थिती सांगणारा सेन्सर असतो आणि सीडीआय त्यावरून ठिणगीची वेळ मागेपुढे करतो. ती तार सुटी राहिली तर गाडी चालते, पण ओढत नाही. दोन प्लगना दोन कॉइल आहेत हेही ध्यानात ठेवावे. एकच पेटत असेल तर इंजिन चालूच राहते आणि दोष महिनोन्‌महिने लपतो.

कार्ब्युरेटर लावला की बॅटरीची कटकट संपली, अशी एक समजूत आहे. या गाडीपुरती ती खोटी आहे. तिची ठिणगी १२ व्होल्ट डीसीवर चालते. बॅटरी पुरती बसली तर कार्ब्युरेटरवाली पल्सरही बसते.

जोडणी झाल्यावर ट्युनिंग. पल्सरचा कार्ब्युरेटर सीव्ही प्रकारचा आहे. अॅक्सिलरेटरची तार फक्त पाकळी उघडते. कार्ब्युरेटरमधला पिस्टन उचलला जातो तो इंजिनाच्या ओढीने, वरच्या पातळ रबरी डायफ्रामच्या जोरावर. डायफ्रामला टाचणीएवढे भोक पडले तरी पिस्टन पुरता उचलला जात नाही आणि कितीही मूठ पिळली तरी गाडी अर्ध्या वेगावर अडते. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन सुमारे दोन आटे बाहेर काढतात, इंजिन गरम करतात आणि आयडलिंग सर्वांत चढते ती जागा शोधतात. मेन जेट मात्र रस्त्यावरच तपासावा लागतो. पूर्ण मुठीवर थोडे अंतर पळवून क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करतात आणि प्लग काढून पाहतात. तपकिरी असेल तर ठीक. काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढरा असेल तर कमी, आणि तशीच पळवली तर इंजिनाचा पिस्टन जाण्याची भीती.

इतके करूनही कार्ब्युरेटरला एक गोष्ट येत नाही : हवेचा बदल ओळखणे. दर हजार मीटर चढाला हवा साधारण दहा टक्के विरळ होते. पुण्यात नीट बसवलेला जेट महाबळेश्वरच्या घाटात थोडा जाडा ठरतो, लडाखच्या खिंडींत तर गाडीला धाप लागते. इथेनॉलमुळे उलटा प्रकार होतो. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलवर जुना जेट पातळ पडतो. ऑक्सिजन सेन्सरवाले इंजेक्शन हे ओळखून सावरते. कार्ब्युरेटरमध्ये माणसाला जेट बदलावा लागतो, आणि जुने रबर इथेनॉलने फुगते ते वेगळेच.

म्हणूनच ही उलटी वाट कारखान्यांसाठी बंद झाली. धुराच्या बीएस-४ नियमांपर्यंत पल्सर २२० कार्ब्युरेटरवर टिकली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि तिला पुन्हा इंजेक्शन घ्यावे लागले, ताकद २०.४ पीएसवर आली. गॅरेजमधल्या बदलांना कायद्याचीही मर्यादा आहे. नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. बीएस-६ गाडीवर हा प्रयोग करूच नये. २००७-०९ ची जुनी एफआय हाती असेल तर आधी आरटीओत विचारावे, संच एकाच मॉडेलचा घ्यावा, आणि काढलेला पंप, हार्नेस व ईसीयू भंगारात न देता जपून ठेवावा.